डेटा ‘मोठा’ म्हणजे लांब की रुंद? नेटफ्लिक्सच्या पेपरचं एक वाचन



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एक सेमिनार हमखास ऐकायला मिळतो: ‘बिग डेटा: खासगीपणाला शाप की वरदान?’ दहा स्लाइड शापाच्या, दहा वरदानाच्या आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. शाळेत ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध ज्या साच्यात लिहायचो, तोच हा साचा. असा सेमिनार मीही दिलाय. तेव्हा मागच्या बाकावरून एका सरांनी एवढंच विचारलं, “मोठा म्हणजे नक्की काय मोठं?” मी म्हणाले, “सर, साइज.” आणि खाली बसले.

आज त्या प्रश्नाचं जरा बरं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यासाठी एकच पेपर घेऊ. ‘शाप’वाल्या स्लाइडवर तो जवळजवळ नेहमी असतो, पण उघडून वाचलेला क्वचितच असतो. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव यांचा २००८ साली आयट्रिपलईच्या सुरक्षा आणि खासगीपणावरच्या परिषदेत आलेला ‘रोबस्ट डी-अनॉनिमायझेशन ऑफ लार्ज स्पार्स डेटासेट्स’. पेपर उत्तम आहे. पण ज्या वाक्यासाठी तो उद्धृत होतो, ते वाक्य त्यात तसं नाही. आणि त्याचा खरा धडा शीर्षकातल्या ‘लार्ज’मध्ये नसून ‘स्पार्स’, म्हणजे विरळ, या शब्दात आहे.

आधी पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं एक स्पर्धा जाहीर केली. ग्राहकाला कोणता सिनेमा आवडेल याचा अंदाज बांधणारी त्यांची पद्धत जो १० टक्क्यांनी सुधारेल, त्याला १० लाख डॉलर. सरावासाठी कंपनीनं डेटा खुला केला: ४,८०,१८९ ग्राहक, १७,७७० सिनेमे आणि १० कोटींहून जास्त रेटिंग्ज, प्रत्येकाच्या तारखेसह. नावं काढून त्याजागी क्रमांक घातलेले. डेटा निनावी आहे, काळजी नको, असं कंपनीचं म्हणणं.

आता हा तक्ता डोळ्यांसमोर आणा. एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस आणि एकेक रकाना म्हणजे एकेक सिनेमा. १० कोटींना ४ लाख ८० हजारांनी भागा: माणशी सरासरी २०९ रेटिंग्ज. रकाने मात्र १७,७७०. म्हणजे प्रत्येक ओळीतला जवळजवळ ९९ टक्के भाग रिकामा. विरळ म्हणतात ते हेच. तुम्ही पाहिलेले दोनशे सिनेमे आणि माझे दोनशे यांत चार-दोन गाजलेली नावं सारखी निघतील, बाकी दोघींची वाट वेगळी. इतक्या रुंद तक्त्यात कुणाच्याच अगदी शेजारी कुणी राहत नाही.

पेपरनं नेमकं काय केलं

समजा, तुमच्या ऑफिसमधल्या एखाद्या माणसाला तुमच्याबद्दल थोडंसं माहीत आहे: चहाच्या वेळी तुम्ही सात-आठ सिनेमांबद्दल बोललात, साधारण कधी पाहिले तेही सांगितलंत. या तुटपुंज्या आणि थोड्या चुकीच्या माहितीवरून त्याला तक्त्यातली तुमची ओळ सापडेल का?

लेखकांची पद्धत साधी आहे. प्रत्येक ओळीला गुण द्यायचे, माहिती जुळली की गुण वाढवायचे. पण सगळ्या जुळण्यांना सारखी किंमत नाही. सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा जुळला तर त्याचं वजन कमी, फार थोड्यांनी पाहिलेला जुळला तर जास्त. गावात पत्ता विचारताना आपण हेच करतो. ‘चष्मा लावणारे पाटील’ म्हटलं तर समोरचा हसेल, ‘हिरव्या राजदूतवर फिरणारे पाटील’ म्हटलं की थेट दारात नेऊन सोडेल.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. सर्वाधिक गुणांची ओळ मिळाली म्हणून ती लगेच उचलायची नाही. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात किती अंतर आहे ते पाहायचं. अंतर पुरेसं नसेल, तर ‘सापडलं नाही’ असं सांगून थांबायचं. हे महत्त्वाचं कशासाठी? कारण प्रसिद्ध केलेला डेटा कंपनीकडच्या एकूण डेटाचा एक छोटा भाग होता. तुम्ही ज्याला शोधताय तो त्यात नसेलही. अशा वेळी कुणीतरी बळेच सापडू नये याची सोय पद्धतीतच आहे. पेपरमधली ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. आपल्यापैकी बरेचजण मॉडेल बनवताना ‘माहीत नाही’ हे उत्तर द्यायची मुभाच त्याला देत नाहीत.

हे एवढ्या कमी माहितीत कसं जमतं, त्याचा हिशेब तुम्हीही करू शकता. ४,८०,१८९ माणसांतून एक निवडायला ‘हो-नाही’ प्रकारचे १९ नेमके प्रश्न पुरतात, कारण २ चा १९वा घात ५,२४,२८८ होतो. हजारात एकानं पाहिलेला सिनेमा जवळपास दहा प्रश्नांचं काम एकट्यानं करतो. एकमेकांशी संबंध नसलेले असे दोन सिनेमे मिळाले की काम झालं.

‘९९ टक्के’ हा आकडा कुठून आला

आता टीकेकडे येऊ. सेमिनारमध्ये वाक्य असं असतं: ‘संशोधकांनी नेटफ्लिक्सच्या ९९ टक्के ग्राहकांची ओळख उघड केली.’ हे चूक आहे.

पेपरमधला निष्कर्ष असा: एखाद्या ग्राहकाची आठ रेटिंग्ज माहीत असतील, त्यांतली दोन साफ चुकीची असली, तारखांत १४ दिवसांपर्यंत फरक असला, तरी ९९ टक्के ओळी डेटासेटमध्ये एकमेव ठरतात. तारखा तीन दिवसांच्या फरकानं माहीत असतील, तर ६८ टक्के लोकांसाठी दोनच रेटिंग्ज पुरतात. इथे तीन गोष्टी नीट वेगळ्या करा.

पहिली: ओळ एकमेव ठरणं आणि माणसाचं नाव कळणं या दोन वेगळ्या घटना आहेत. नाव कळायला बाहेरची माहिती हवी आणि त्या माहितीला नाव चिकटलेलं हवं.

दुसरी: या प्रयोगातली ‘बाहेरची’ माहिती खरं तर बाहेरून आलेली नव्हती. लेखकांनी डेटासेटमधल्याच ओळी घेतल्या, त्यांतली काही रेटिंग्ज उचलली, त्यांत मुद्दाम चुका मिसळल्या आणि मूळ ओळ परत सापडते का ते पाहिलं. पद्धतीची ताकद मोजायला हे योग्यच आहे. पण खऱ्या आयुष्यात कुणाला कुणाबद्दल किती माहिती असते, हे त्यातून मोजलं जात नाही.

तिसरी: खरी बाहेरची माहिती वापरून त्यांनी एक प्रयोग केला. आयएमडीबी या संकेतस्थळावर लोक उघडपणे रेटिंग्ज देतात. तिथल्या माहितीचा मोठा साठा उतरवून घ्यायला त्या स्थळाच्या अटी आड येत होत्या, म्हणून फक्त पन्नासेक लोकांचा नमुना घेतला. त्यांतले दोन सापडले. जुळणी मात्र जबरदस्त: एका बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात सुमारे २८ प्रमाण विचलनांचं अंतर, दुसऱ्या बाबतीत १५. योगायोगानं हे घडणं जवळजवळ अशक्य. पण त्या दोघांना गाठून ‘हे तुम्हीच का?’ असं विचारून खात्री केलेली नाही, आणि दोनच्या आकड्यावरून ‘किती टक्के’ हे कुणालाच सांगता येत नाही.

यातली कुठलीच गोष्ट लेखकांनी लपवलेली नाही, सगळं पेपरमध्ये आहे. चूक आपली, उद्धृत करणाऱ्यांची. ‘शक्य आहे’ या सिद्धतेचं आपण ‘इतक्यांचं झालं’ या मोजणीत रूपांतर केलं.

मग पेपरचं महत्त्व कमी होतं का? नाही. सुरक्षेच्या संशोधनात एक उदाहरणही पुरतं, कारण ‘डेटा निनावी आहे’ हा दावा सगळ्यांसाठी केलेला असतो. डिसेंबर २००९ मध्ये नेटफ्लिक्सवर खटला दाखल झाला. दावा करणाऱ्यांत नाव गुप्त ठेवलेली एक स्त्री होती. सिनेमांच्या नोंदींतून आपला लैंगिक कल उघड होईल, अशी तिची भीती होती. मार्च २०१० मध्ये कंपनीनं दुसरी स्पर्धा रद्द केली. तिचं पुढे काय झालं असतं ते टक्केवारीतून कळणार नाही. तिच्यासाठी तो आकडा शंभर किंवा शून्य.

दुसरा लाडका आकडा: ८७ टक्के

याच स्लाइडवर लताण्या स्वीनी यांचं नावही असतं. पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात, असा त्यांचा २००० सालचा अंदाज, १९९० च्या जनगणनेवर आधारलेला. फिलिप गॉल यांनी २००६ मध्ये हेच गणित पुन्हा केलं तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. तरी स्लाइडवर ८७ च राहिला.

स्वीनी यांचा मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदीचा किस्साही प्रसिद्ध आहे. त्यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यांत तीन पुरुष, आणि त्या पिनकोडमध्ये एकच. डॅनियल बार्थ-जोन्स यांनी २०१२ मध्ये यावर चांगला आक्षेप घेतला: यादीत ५४ हजारांच्या आसपास मतदार, शहराची लोकसंख्या सुमारे ९५ हजार. यादीत एकच असणं म्हणजे शहरात एकच असणं नव्हे. गव्हर्नरांच्या बाबतीत खात्री पटली, कारण ते आजारी पडल्याची बातमी सगळीकडे आली होती. तुमची-माझी बातमी येत नाही.

आता हा ८७ चा आकडा आपल्याकडे आणता येईल का? एक खोक्यांचं गणित करू. ३६५ दिवस, ७५ वर्षं, २ लिंगं: सुमारे ५५ हजार खोकी. अमेरिकेत तेव्हा एका पिनकोडमागे सरासरी आठ-साडेआठ हजार माणसं. इतकी कमी माणसं ५५ हजार खोक्यांत टाकली, तर बहुतेक जण आपापल्या खोक्यात एकटेच. आपल्याकडे सुमारे १९ हजार पिनकोड आणि १४० कोटी माणसं, म्हणजे पिनमागे सत्तर हजारांच्या वर. खोक्यांपेक्षा माणसं जास्त. माणसं सगळीकडे सारखी पसरलीत असं धरलं, तर पाऊण भाग लोकांना खोक्यात कुणीतरी सोबती मिळतो. त्यात आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. त्या एका खोक्यात तर जत्राच भरते. गुरुजींना कल्पना नव्हती, पण त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना बरंच लपवून ठेवलंय.

म्हणून आपण सुरक्षित, असं समजून मात्र निवांत होऊ नका. मी झाले होते.

आमची एक्सेल फाइल

एम.एस्सी.च्या प्रकल्पात आम्ही काही गावांमध्ये विहिरीच्या पाण्याची आणि लोकांच्या दुखण्यांची प्रश्नावली भरून घेतली. संमतिपत्रावर छापलं होतं: ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल.’ मी नावं काढली, मोबाइल क्रमांक काढले, क्रमांक घातले आणि फाइल आमच्या ग्रुपवर टाकली. जन्मतारीख नव्हती, फक्त वय होतं.

त्याच तालुक्यातला एक मित्र फाइल पाहत होता. पाच मिनिटांत म्हणाला, “अगं, या तर आमच्या अंगणवाडीच्या बाई.” गाव, वय आणि व्यवसाय, तीन रकाने. त्या गावात त्या वयाच्या अंगणवाडी सेविका एकच. शेजारच्या रकान्यात त्यांचं दुखणं होतं. ते त्यांनी मला आतल्या खोलीत, दार लोटून सांगितलं होतं, कारण बाहेर सासूबाई बसल्या होत्या.

मित्र भला माणूस, विषय तिथेच थांबला. फाइल मी ग्रुपवरून काढली. पण तोवर ती किती फोनमध्ये उतरली, ते मला आजही माहीत नाही. आमचा डेटा ‘बिग’ नव्हता, दोनशे ओळींचाही नव्हता. पण पन्नासेक रकाने होते.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं. डेटा दोन दिशांनी मोठा होतो. ओळी वाढल्या की लांब होतो, रकाने वाढले की रुंद. माणूस उघडा पडतो तो मुख्यतः रुंदीमुळे. नेटफ्लिक्सच्या तक्त्यात पावणेपाच लाखांवर ओळी होत्या. इतकी गर्दी असूनही लपायला जागा नव्हती, कारण रकाने १७,७७० होते.

मग लांबीचा उपयोग काय?

इथे ‘वरदान’वाली बाजू येते, आणि तीही नेमकी मांडता येते. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अॅडम स्मिथ यांनी डिफरन्शियल प्रायव्हसीचा पाया घातला. कल्पना अशी: ओळी प्रसिद्ध करायच्याच नाहीत. प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तरात ठरावीक मापाचा यादृच्छिक नॉइज मिसळायचा. नॉइज इतका की तुम्ही डेटात असा किंवा नसा, उत्तर जवळजवळ तसंच दिसावं.

मोजणीच्या प्रश्नात हा नॉइज ओळींच्या संख्येवर अवलंबून नसतो. खासगीपणाचं माप, म्हणजे एप्सिलॉन, १ धरलं तर विचलन साधारण १.४ येतं. खरं उत्तर २० असेल तर ही सात टक्क्यांची गडबड. खरं उत्तर २ लाख असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणजे डेटा जितका लांब, तितकं प्रत्येकाला लपवणं स्वस्त. रुंदीला मात्र इथेही किंमत आहे: प्रत्येक नव्या प्रश्नाला खासगीपणाच्या खात्यातून थोडं खर्च होतं, आणि खातं संपतं.

मॅकशेरी आणि इल्या मिरोनोव यांनी २००९ मध्ये नेटफ्लिक्सच्याच डेटावर दाखवलं की सिनेमे सुचवणारी पद्धत असं संरक्षण पाळून बांधता येते आणि अचूकतेत फार मोठं नुकसान होत नाही. म्हणून नारायणन-श्मातिकोव यांचा पेपर वाचाल तेव्हा हा दुसरा पेपर शेजारी ठेवून वाचा. पहिला एकटा वाचला की ‘काहीच करता येत नाही’ असं वाटून जातं.

सायबरसुरक्षेत चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे रुंदीच कामाला येते. तुमचं कार्ड कुठे, किती वाजता, किती रकमेला वापरलं जातं, या रकान्यांतून तुमची ओळ एकमेव ठरते, म्हणूनच चोरानं केलेला व्यवहार वेगळा दिसतो. ज्या गुणधर्मामुळे तुम्ही सापडता, त्याच गुणधर्मामुळे चोर सापडतो. पण इथेही हिशेब करून पाहा. समजा, दहा हजार व्यवहारांत एक खोटा आणि पद्धत ९९ टक्के अचूक. दहा लाख व्यवहारांत खोटे १००, त्यांतले ९९ पकडले. आणि प्रामाणिक व्यवहारांतले जवळपास दहा हजार विनाकारण अडवले. शंभर इशाऱ्यांमागे एक खरा. पेट्रोलपंपावर कार्ड अडकलेल्या माणसाला हे गणित आधीच ठाऊक असतं.

म्हणजे खरा झगडा असा: सुरक्षेला रुंद तक्ता हवा, खासगीपणाला अरुंद. त्यामुळे ‘शाप की वरदान’ याऐवजी विचारायचा प्रश्न हा, की रुंद तक्ता कुणाकडे आहे, किती दिवस आहे आणि तो दाराबाहेर जाणार आहे का. बँकेला तिचा तक्ता छापावा लागत नाही. नेटफ्लिक्सनं तो जगाला दिला. मी ग्रुपवर टाकला.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला सवलत आहे: त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या अटींवर. पण त्याच कायद्यात वैयक्तिक माहितीची व्याख्या नावापुरती नाही, ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी त्यात येते. म्हणून ‘नावं काढली, आता प्रश्न नाही’ असं लिहू नका. आणि कायद्यानं सवलत दिली, तरी तुम्ही दिलेल्या शब्दाला सवलत नसते.

फाइल कुणालाही पाठवण्याआधी एक काम करा. बाहेरच्या माणसाला माहीत असू शकतील असे रकाने निवडा: गाव, वय, व्यवसाय, शिक्षण, मुलांची संख्या. त्यांच्या किती जोड्या फक्त एकदाच येतात ते मोजा. एक्सेलमध्ये पिव्हट टेबलनं दहा मिनिटांत होतं. आमच्या फाइलवर मी हे नंतर केलं, तेव्हा अर्ध्याहून जास्त ओळी एकट्या निघाल्या. मग गावाऐवजी तालुका ठेवला, वयाचे दहा-दहा वर्षांचे गट केले, अंगणवाडी सेविका ‘नोकरी’त गेल्या. विश्लेषणात थोडं नुकसान झालं. गाइडना सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

आणि संमतिपत्रावरचं वाक्य बदललं. ‘पूर्णपणे गुप्त’ हे शब्द मी आता लिहीत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. पीएच.डी.च्या प्रश्नावलीवर असं आहे: ‘आपलं नाव आणि गाव आम्ही कुणालाही देणार नाही. बाकी माहिती इतरांच्या माहितीत मिसळून, एकत्रित आकड्यांच्या रूपातच प्रसिद्ध करू. तरीही आपल्याला जवळून ओळखणारी व्यक्ती काही अंदाज बांधू शकते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर देऊ नका.’

हे वाचून दाखवल्यावर काही बायका एखादा प्रश्न सोडून देतात. त्या रकान्यात रिकामी जागा राहते. विश्लेषणात ती मला नडते, पण मी ती तशीच ठेवते.